शून्य ते दहा

प्रात्यक्षिक परीक्षा सकाळी नऊला होती, आणि सव्वानऊला लवंगी वसतिगृहाच्या न्हाणीघरात गुडघे छातीशी घेऊन फरशीवर पडली होती. फरशी गार होती, तेवढंच काय ते बरं. पहिल्या दिवसाचं तिचं दुखणं म्हणजे नुसती पोटदुखी नव्हे. कंबरेपासून मांड्यांपर्यंत आतून कुणी ओला कपडा पिळावा तसं पिळवटून यायचं, मग उलटी, मग घाम, मग जरा उसंत मिळते न मिळते तोच पुन्हा पिळायला सुरुवात. झाडलोट करणाऱ्या मावशींनी दार वाजवून वाजवून शेवटी ते ढकललं आणि तिला काखेत हात घालून खोलीत नेऊन टाकलं. तोवर परीक्षकांनी तिचा नंबर दोनदा पुकारून पुढच्या मुलीला आत घेतलं होतं.

लवंगी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. अडलेला गुडघा, आखडलेला खांदा, आजारातून उठलेली माणसं यांना पुन्हा हलतं करायचं, असं ते शास्त्र. प्रात्यक्षिकात एका पेशंटला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत न्यायचं, त्याचा सांधा किती अंश वाकतो ते कोनमापकाने मोजायचं आणि हे सगळं करताना परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हे चुकलं तर नियम साफ होता. आठ दिवसांत विभागप्रमुखांची शिफारस आणली तर परीक्षा पुन्हा, नाहीतर अख्खं वर्ष पुन्हा. म्हणजे त्याच वर्गात, त्याच बाकावर, यंदा ज्या 'ताई ताई' करत तिच्या मागे फिरत होत्या त्या पोरींच्या शेजारी.

लवंगी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. अंगाने एवढीशी आणि जीभ झोंबरी, म्हणून वर्गाने पहिल्याच वर्षी ते चिकटवलं होतं. त्यातून पाळीच्या आधीचा आठवडा असला तर बोलायलाच नको. झोप लागायची नाही, छाती ठणकायची, पुस्तकाचं एक पान चारदा वाचूनही डोक्यात शिरायचं नाही, चपलेचा अंगठा तुटला तरी रडू यायचं. समोर जो सापडेल त्याची पिसं निघायची. आपण वाईट वागतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण कळून जीभ थोडीच आवरते? महिन्यातला एक आठवडा भांडण्यात जायचा, तीन दिवस लोळण्यात, आणि उरलेल्या दिवसांत अभ्यास करून शिवाय माफ्याही मागायच्या. माफ्या मागायचं बहुतेक वेळा राहूनच जायचं. वर खरोखर संतापण्याजोगं काही घडलं तरी 'हिचे दिवस आलेत वाटतं' एवढं म्हणून लोक मोकळे.

परीक्षा बुडाली त्याच दुपारी ती भिंतीला धरून धरून विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मान वर न करता दाखल्यावर 'पोटदुखी' असा एकच शब्द लिहिला. कशाने ते लिहा म्हटल्यावर त्यांनी पेन बंद केलं. असल्या गोष्टी कागदावर येत नसतात, आणि एक मूल झालं की हे आपोआप थांबतं, अशी माहिती त्यांनी दिली. प्रात्यक्षिक आठ दिवसांत आणि मूल नऊ महिन्यांत, हे गणित कसं बसवायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. लवंगीने ते विचारलं. तेव्हा तिला बाहेर जायला सांगण्यात आलं.

आईला फोन केला तर तिकडे वेगळीच तऱ्हा. आई कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी राहून खोकी बंद करते, बावीस वर्षं करते आहे. मीही उभी राहिले, मेले नाही, असं ती म्हणाली. आईने फोन ठेवला तेव्हा लवंगीच्या मनात आलं, की या बाईला बावीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नसणार. पण तेव्हा तिला आईची कीव आली नाही, रागच आला.

मग उरल्या विभागप्रमुख. त्यांना पोरी मोजपट्टी म्हणत. चालणाऱ्या माणसाकडे एक नजर टाकून याचा डावा गुडघा पाच अंश कमी वाकतो हे सांगणारी बाई. तासाला कधी खुर्चीत बसायची नाही, आणि कुणी बाकावर रेलून बसलेलंही तिला खपायचं नाही. तिसऱ्या दिवशी लवंगी अर्ज आणि दाखला घेऊन तिच्या खोलीत गेली. खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी दांडीला अडकवलेला हाडांचा सापळा होता, टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा, आणि एक निळी फाईल. मॅडमनी दाखला वाचला, उलटा करून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं, आणि पोटदुखीवर शिफारस होत नाही म्हणून सांगितलं. लवंगीने मग सगळं तोंडाने सांगितलं. दर महिन्याला होतं, उभं राहवत नाही, मावशींनी उचलून नेलं, हवं तर त्यांना विचारा. सफाईवालीच्या साक्षीवर विद्यापीठ चालत नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी निळी फाईल उघडली. आत फॉर्म होते. त्यातला एक काढून त्यांनी लवंगीसमोर सरकवला.

"हा तुझाच ना?"

"हो."

"दुखण्याचा आकडा किती लिहिलायस?"

"शून्य."

"पेशंट जो आकडा सांगेल तो लिहायचा. आपल्या पदरचं त्यात घालायचं नाही आणि त्यातून काढायचंही नाही. हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग माझं काय चुकलं? तू शून्य सांगितलंस, मी शून्य धरलं."

या शून्याची गोष्ट सांगायलाच हवी. फिजिओथेरपीवाल्यांचा पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला असतो: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? पोरी दिवसाला वीस वेळा तो प्रश्न विचारत. दोन महिन्यांपूर्वी विभागाने तिसऱ्या वर्षाच्या बासष्ट मुलींना एक फॉर्म वाटला, आणि तोच प्रश्न त्यांना त्यांच्या पाळीबद्दल विचारला. फॉर्मवर हजेरी क्रमांक लिहायचा होता. तळाला 'खोटी माहिती दिल्यास शिस्तभंगाची कारवाई' असं छापलेलं, आणि शेवटचा प्रश्न असा: या दिवसांत सलग आठ तास उभं राहून काम करता येतं का?

पोरींनी लगेच वास काढला. चौथ्या वर्षाच्या पोस्टिंगची यादी लागायची होती. सगळ्यांना खेळाडूंच्या केंद्रात जायचं होतं, आणि तिथे जागा चारच. उरलेल्यांच्या नशिबी वृद्धाश्रमात पाय चेपणं. फॉर्म भरायला सगळ्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात मांड्या घालून बसल्या, आणि कुणीतरी पाच लिहू का म्हणून विचारलं. त्यावर लवंगीच उभी राहून म्हणाली होती, की अगं वेड्यांनो, दुखतं म्हणालात की नाव कापलं म्हणून समजा. शून्य लिहा सगळ्यांनी, फार तर शोभेला एखादीने एक लिहावा. लिहिण्यात एकजूट अशी झाली, की अठ्ठावन्न फॉर्मांवर शून्य नाहीतर एक. दिवसभर दुसऱ्याचं दुखणं आकड्यात लिहून घेणाऱ्या पोरी, आणि स्वतःचा आकडा खाऊन बसल्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायलाही अक्कल लागते. यांनी तर तो रांगेत बसून, हसत हसत मारून घेतला.

"ते खोटं लिहिलं होतं," लवंगी म्हणाली.

मॅडम जराही चकित झाल्या नाहीत. एकटीनेच का, असं त्यांनी विचारलं. लवंगीने सापळ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांनीच, असं सांगून टाकलं. तेव्हा मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलू लागल्या. आवाज चढला नाही, पण त्यातला कडवटपणा लपत नव्हता. पाळीच्या दिवशी प्रात्यक्षिक आलं तर दुसरी तारीख मिळावी, असा प्रस्ताव त्यांनी स्वतः परीक्षा समितीपुढे ठेवला होता. समितीत सात पुरुष आणि एक बाई, आणि सगळ्यात जास्त हसली ती बाई. पुरावा आणा म्हणाले. म्हणून फॉर्म. हजेरी क्रमांकही समितीवाल्यांनीच मागितला, शेवटचा प्रश्नही त्यांनीच घातला. आणि मग त्या आठजणांसमोर मॅडम शून्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या राहिल्या.

लवंगीने विचारलं, "तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी दहा लिहिलं असतं."

खरंच लिहिलं असतं. मॅडम परत येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. तोंडघशी पडायला लावलंत तुम्ही मला, असं म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की एकीच्या शब्दावर काही होत नाही. परीक्षा बुडालेली मुलगी आता काहीही म्हणणारच. पण आणखी एक मुलगी आण. परीक्षा दिलेली, कसलाही स्वार्थ नसलेली. तिने माझ्यासमोर उभं राहून माझा शून्य खोटा होता एवढं म्हणावं, मी तुझ्या अर्जावर सही करते आणि फाईल घेऊन पुन्हा समितीकडे जाते. नियमाचे आठ दिवस असोत, माझी मुदत उद्या सकाळी दहा.

बासष्टातली एक. लवंगीला वाटलं, झालं काम. ती संध्याकाळी खोली खोली फिरली, आणि तिसऱ्या खोलीपर्यंत तिला कळून चुकलं की काम काही झालेलं नाही. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. खोटी माहिती म्हणजे कारवाई, आणि यादी तर सोमवारी लागायची. एक म्हणाली, तूच लिहायला लावलंस, आता तूच निस्तर. दुसरीने दारातूनच आठवण करून दिली, की मागच्या महिन्यात तू मला सगळ्यांसमोर बिनडोक म्हणाली होतीस, मग बिनडोक माणसाची साक्ष कशाला हवी? तिसरी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पुस्तक वाचत राहिली. लवंगीने त्या पिशवीकडे बोट दाखवलं तर ती म्हणाली, पाठीला शेकतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. पण इथे तोंड दाबणारे हात ज्याचे त्याचेच होते.

खोलीवर परत येऊन लवंगीने उशी भिंतीवर आपटली आणि सगळ्या वर्गाला शिव्या घातल्या. खोलीतली जोडीदारीण, ढापणी, पलंगावर बसून ते ऐकत होती. चष्मा एवढा जाड की काढला तर तिला स्वतःचा हात दिसायचा नाही. तीन वर्षं दोघी एका खोलीत. ढापणीचं दुखणं लवंगीइतकं नव्हे, पण आठाच्या खाली कधी आलं नाही हे लवंगीला पक्कं ठाऊक होतं. पायाशी बसून ढापणीची कंबर लवंगीनेच कितीदा चोळली होती. शिव्या संपल्यावर ढापणी म्हणाली, मी येते उद्या. लवंगीने विचारलं, नक्की? ती म्हणाली, येते म्हटलं ना, आता झोप.

सकाळी ढापणी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंतीला टेकूनच. तिचीही तारीख नेमकी त्याच दिवशी आली होती. लवंगीच्या मनात जे आलं ते काही भूषणावह नव्हतं, पण आलं खरं: बरं झालं. पुरावा आता स्वतःच्या पायांनी चालत जाईल. गोळी घेत बसायला वेळ नव्हता, दहाला पाच कमी होते. दोघी तीन जिने चढून गेल्या, आणि प्रत्येक मजल्यावर ढापणी कठडा धरून थांबली.

मॅडमनी दोघींना आत घेतलं, दार लावलं, आणि आधी नियम सांगितला. काही लपवून ठेवलं नाही. फॉर्म खोटा होता असं म्हणालीस तर मला तसं लिहावं लागेल. कारवाई बहुधा समज देण्यापुरती होईल, पण ते समिती ठरवेल, आणि तोवर तुझी पोस्टिंग थांबेल. मग त्यांनी फाईलमधून ढापणीचा फॉर्म काढला, आणि सोमवारी लागायच्या यादीचा कागदही.

"खेळाडूंच्या केंद्रात चार नावं आहेत. त्यात पहिलं तुझं आहे. आता सांग, तुझा आकडा किती?"

लवंगीने ढापणीकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज वाटली नाही. ती मॅडमच्या पेनाकडे पाहत होती.

"शून्य," ढापणी म्हणाली.

लवंगीने मान वळवली. ढापणीचा सगळा भार उजव्या पायावर होता, डावा गुडघा वाकवलेला, एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि चष्म्याच्या काचा धुरकटलेल्या. पहिल्या वर्षाच्या पोरीनेही सांगितलं असतं की ही बाई दुखण्यात उभी आहे. आणि समोर तर मोजपट्टी होती. त्यांनी ढापणीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, टेबलाच्या कडेवरची पांढरी पडलेली बोटं पाहिली. काही क्षण त्यांचा चेहरा शिकवतानाचा असतो तसा झाला.

"पुन्हा विचारते. फॉर्मचं राहू दे. आत्ता, या घडीला. शून्य ते दहा?"

"मॅडम, ही खोटं बोलतेय," लवंगी म्हणाली. "तुम्हाला दिसतंय. हिच्याकडे बघा, तुम्हाला सगळं दिसतंय."

"तुला विचारलेलं नाही."

ढापणीने टेबलावरचा हात काढला आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. सरळ उभं राहताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तो तिने खोकल्यात घातला.

"शून्यच, मॅडम. मला काही त्रास नसतो."

मॅडमना हवं ते उत्तर त्यांच्यापासून दोन हातांवर घामाघूम होऊन उभं होतं, आणि त्यांना ते लिहिता येत नव्हतं, कारण लिहायचं असतं ते पेशंट सांगतो तेच. चिडून त्यांनी पेनाचं टोपण इतक्या जोरात ओढलं की ते खाली पडलं. ते कुणीच उचललं नाही. लवंगीच्या अर्जावर त्यांनी 'शिफारस नाही' असं लिहिलं, खाली सही, तारीख, शिक्का. मग म्हणाल्या की तुमच्यासाठी पुन्हा कधी कुणापुढे उभी राहिले तर माझ्यासारखी मूर्ख मीच. हे त्या नक्की कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. तिघीही एकमेकींकडे शत्रूसारख्या पाहत होत्या.

अर्ज हातात घेऊन लवंगी बाहेर पडली. वर्ष गेलं होतं. पुढच्या वर्षीही प्रात्यक्षिक असणार, त्याचीही तारीख कुठल्यातरी पहिल्या दिवशी येणार नाही कशावरून? तिला रडू येत नव्हतं. छातीत नुसता जाळ होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते आजवर तिने फक्त ऐकलं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर मागून पावलं थांबल्याचा आवाज आला. ढापणी पायरीवर बसली होती, बसली म्हणजे कोसळलीच होती, कपाळ गुडघ्यांवर टेकलेलं. केंद्रात नंबर लागणारच, असं घरी सगळ्यांना आधीच सांगून झालंय गं, असं काहीतरी ती गुडघ्यांतच पुटपुटली. बाबांनी तर शेजारीपाजारीही सांगितलंय. लवंगी खालच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. ते दुखणं आत्ता नेमकं कुठे पोचलं असेल हे तिला ठाऊक होतं. अजून मांड्यांत उतरलेलं नाही, पाच मिनिटांनी उतरेल, मग उलटी होईल.

"गोळी आहे का तुझ्याकडे?" ढापणीने मान वर न करता विचारलं.

"शून्याला गोळी कशाला लागते?"

ढापणीची पाठ तेवढी हलत होती. वरून दोन मुली गप्पा मारत उतरल्या आणि तिला वळसा घालून पुढे गेल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि ढापणीनेही मान उचलली नाही. लवंगीने पिशवीच्या कप्प्यात हात घातला, पाकिटातून एक गोळी काढली आणि तिच्या उघड्या पंजावर ठेवली. पाण्याची भरलेली बाटलीही त्याच कप्प्यात होती. ती तिने पिशवीतच राहू दिली आणि जिना उतरून गेली.